लॉखच्या काठाकाठानं: ट्रॉसॅक्समध्ये पहिल्यांदा चालायला जाताना

दर सप्टेंबरात ग्लासगोच्या विद्यापीठांत नवी मुलं येतात आणि ऑक्टोबर उजाडायच्या आत कुणीतरी विचारतंच, "ताई, तो बेन आन डोंगर करायचाय. फक्त ४५४ मीटर आहे हो. आम्ही कळसूबाई दोनदा केलंय." कळसूबाई १६४६ मीटर, तेव्हा गणित त्यांच्या बाजूनं आहे. मी म्हणते, जा की. पण आधी एक दिवस खाली पाण्याकाठी चालून या.

सह्याद्रीत आपण घसाऱ्याला, कड्याला आणि उन्हाला जपतो. इथं जपायचं ते ओलीला, वाऱ्याला आणि झटकन मावळणाऱ्या दिवसाला. हे तिघं ४५४ मीटरवरही गाठतात आणि शंभर मीटरवरही. खाली गाठलं तर अर्ध्या तासात गाडीत किंवा कॅफेत शिरता येतं, एवढाच फरक. आणि माझं स्वतःचं मत विचाराल तर ट्रॉसॅक्सची मजा माथ्यावर कमी, काठावर जास्त. वर गेलात की तळं खाली चकाकतं, फोटो छान येतो. काठानं गेलात की ओकची झाडं, शेवाळलेले दगड आणि पाणी तिन्ही हाताच्या अंतरावर असतात.

ट्रॉसॅक्स म्हणजे ग्लासगोच्या उत्तरेचा, गाडीनं साधारण तासाभरावरचा तळ्यांचा आणि जंगलांचा मुलूख. २००२ साली लॉख लोमंड धरून हा सगळा भाग स्कॉटलंडचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झाला. क्षेत्र १८६५ चौरस किलोमीटर. तळ्याला इथं 'लॉख' म्हणतात. शेवटचा ख घशातून, 'खबर' उर्दू ढंगानं म्हणताना येतो तसा. बरेच इंग्रज सरळ 'लॉक' म्हणून मोकळे होतात. आपल्याला तो ख जमतो, तेव्हा जरूर काढा. गावांच्या नावांची मात्र स्पेलिंगवरून फोड करू नका. ग्लासगोजवळ एक गाव आहे, त्याचं स्पेलिंग वाचून कुणीही 'मिल्नगाव्ही' म्हणेल, पण उच्चार 'मलगाय'. फोर्ट विल्यमपर्यंत जाणारी १५४ किलोमीटरची वेस्ट हायलंड वे ही पायवाट तिथूनच सुरू होते. ती आज आपल्या कामाची नाही.

आधी दिवस ठरवा

मे महिना सगळ्यात चांगला. दिवस मोठा, ओकच्या पालवीचा रंग कोवळा, झाडांखाली ब्लूबेलचा निळा गालिचा आणि चिलटं अजून जागी व्हायची असतात. दुसरी पसंती ऑक्टोबरचा मधला आठवडा. तेव्हा बर्च आणि बीच पिवळे-तांबडे होतात. बर्च म्हणजे आपल्या हिमालयातल्या भूर्जाचा भाऊबंद, साल तशीच कागदासारखी सुटते. जुलै-ऑगस्टात सुट्ट्यांमुळे पार्किंग मिळत नाही, चिलटंही भरात असतात.

हिवाळ्यातही जाता येतं, पण घड्याळ पाहून. डिसेंबरात ग्लासगोला सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि पावणेचारला मावळतो. आपण 'जेवून निघू' म्हणणारी माणसं. जेवून निघालात तर पार्किंगमध्ये पोहोचेपर्यंत संध्याकाळ झालेली असते. सकाळी नवाला घर सोडा आणि दोन वाजता जिथं असाल तिथून मागे फिरा. जूनमध्ये याच्या उलट, रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे मुलांना झोपवायचं कसं एवढाच प्रश्न.

आदल्या रात्री मेट ऑफिसच्या ॲपवर त्या गावाचा अंदाज बघा, ग्लासगोचा नको. पावसाची शक्यता तीस-चाळीस टक्के दिसली म्हणून बेत रद्द करू नका, नाहीतर वर्षभर घरीच बसाल. वाऱ्याचा आकडा मात्र नीट वाचा. जंगलात जोराचा वारा म्हणजे पडणारी झाडं. पिवळा किंवा त्यावरचा इशारा असेल तर त्या दिवशी जंगलवाट नको.

अंगावर काय, पाठीवर काय

आपला पाऊस कोसळतो आणि थांबतो. इथला झिरपत राहतो. अशा राखाडी, ओल्या, कंटाळवाण्या हवेला स्कॉट लोकांचा खास शब्द आहे, 'ड्रीख'. माझ्या पहिल्या फेरीला मी जीन्स, सुती टीशर्ट आणि छत्री घेऊन गेले होते. वीस मिनिटांत छत्री उलटी झाली आणि दोन तासांनी जीन्स मांड्यांना अशी चिकटली की गाडीत बसताना गुडघे वाकेनात. थंडी किती होती? अकरा अंश. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे याहून जास्त गारठा असतो, पण पुण्याची थंडी कोरडी.

तेव्हापासून नियम एकच, सुती काहीही नाही. अंगालगत पातळ पॉलिएस्टरचा किंवा लोकरीचा टीशर्ट, त्यावर फ्लीस, त्यावर पाणी न शिरणारं टोपीचं जॅकेट. खाली जिमची किंवा ट्रेकिंगची पटकन वाळणारी पँट. जॅकेट महागड्या दुकानातूनच घ्यायला हवं असं नाही, स्वस्तातलंही चालतं, फक्त लेबलवर 'वॉटरप्रूफ' लिहिलेलं पाहा. 'शॉवरप्रूफ' म्हणजे दहा मिनिटांचा दिलासा. या लेखातल्या बहुतेक वाटांना खोल नक्षीच्या तळाचे साधे स्पोर्ट्स शूज पुरतात. गाडीत मात्र कोरड्या मोज्यांची जोडी ठेवा.

पाठीवरच्या पिशवीत पाणी, टॉर्च, चार्ज केलेली पॉवर बँक, लोकरी टोपी (जुलैतही), कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी आणि खाणं. खाण्याबाबत मी काय सांगणार, पण तिखटमिठाच्या पुऱ्या आणि थर्मासमधला आल्याचा चहा यांना तोड नाही. गार वाऱ्यात सँडविच दातांना लागतं.

आईबाबा भारतातून आलेले असतील तर आणखी एक गोष्ट. त्यांना 'थोडंच चालायचंय' असं मोघम सांगू नका, मिनिटं सांगा. आणि बाकं कुठं आहेत ते आधी पाहून ठेवा. माझे बाबा ऐंशीला टेकलेत. बाक दिसलं की त्यांचा पुढचा अर्धा तास आनंदात जातो.

पाट्या वाचायला शिका

जंगल खात्याच्या वाटांच्या सुरुवातीला मोठा फलक असतो. त्यावर वाटेचं नाव, अंतर, लागणारा वेळ आणि श्रेणी लिहिलेली असते. 'इझी', 'मॉडरेट' आणि 'स्ट्रेन्युअस' हे शब्द इथं गांभीर्यानं वापरतात. 'इझी' म्हणजे रुंद, सपाट, बहुधा बाबागाडी जाईल अशी. 'मॉडरेट'मध्ये चढ, मुळं, चिखल असू शकतो. 'स्ट्रेन्युअस' आज सोडा. अंतरं बहुधा मैलात असतात आणि एक मैल म्हणजे १.६ किलोमीटर. हे विसरून 'फक्त चार आहे' म्हणणारा एकजण प्रत्येक घोळक्यात निघतो.

पुढं वाटेवर रंगीत पट्टा असलेले लाकडी खांब लागतात. फलकावर आपल्या वाटेचा रंग पाहून ठेवायचा आणि फाट्यावर तोच रंग शोधायचा. दहा-पंधरा मिनिटं खांब दिसला नाही तर मागे या, आडवाटेनं 'शॉर्टकट' काढू नका. इथली बरीच झाडं लाकडासाठी लावलेली सिटका स्प्रूसची आहेत, पिकासारखी वाढवतात आणि कापतात. त्यामुळे कधी 'वाट बंद, झाडतोड चालू' अशी पाटी लागते. रविवारी यंत्रं थांबलेली दिसली तरी ती पाटी मानायची. रचलेले ओंडके घरंगळतात.

मोबाईलची रेंज टेकड्यांच्या आड जाते आणि येते. नकाशा घरीच डाउनलोड करून ठेवा. कागदी हवा असेल तर ऑर्डनन्स सर्व्हेचा १:२५,००० प्रमाणाचा नकाशा घ्या. ट्रॉसॅक्सचा क्रमांक ओएल ४६, लॉख लोमंडच्या दक्षिण भागाचा ओएल ३८.

आता वाटा, सोप्यापासून

गाडी नाही आणि आजच जायचंय? मग बॅलख. ग्लासगो क्वीन स्ट्रीटवरून लोकल धरली की पाऊण-एक तासात शेवटचं स्टेशन बॅलख, आणि तिथून लॉख लोमंडचं टोक चालत काही मिनिटांवर. क्षेत्रफळानं हे ग्रेट ब्रिटनमधलं सगळ्यात मोठं तळं, सुमारे ७१ चौरस किलोमीटरचं. बॅलख कॅसलच्या उद्यानात हिरवळ आणि झाडीतून हवं तेवढं फिरा, ढग आले की स्टेशनवर परता. रानात गेल्यासारखं वाटणार नाही, पण पहिली तालीम म्हणून उत्तम.

दुसरी पायरी ॲबरफॉईल. गावाच्या वर क्वीन एलिझाबेथ फॉरेस्ट पार्कचं 'द लॉज' नावाचं माहिती केंद्र आहे. (हे जंगल १९५३ साली, राणीच्या राज्याभिषेकाच्या वर्षी, तिच्या नावानं झालं.) तिथून धबधब्याची छोटी फेरी निघते, रमतगमत तासाभराची. त्याच परिसरात लाल खारी बघायला लाकडी आडोसा केलेला आहे. ब्रिटनमधल्या बऱ्याच भागांतून अमेरिकी करड्या खारींनी या लाल खारींना हुसकावलंय, इथं त्या टिकून आहेत. आडोशात बोलायचं नाही. आमची धाकटी पाच मिनिटं गप्प बसली, हे खारीपेक्षा दुर्मीळ दृश्य होतं.

ॲबरफॉईलमधूनच दुसरी एक वाट माझी विशेष लाडकी आहे, डून हिलची. जुना दगडी पूल ओलांडून पडक्या चर्चपाशी जायचं. दाराशी शवपेटीच्या आकाराची दोन लोखंडी धुडं दिसतील. शरीरशास्त्राच्या वर्गांना विकण्यासाठी प्रेतं उकरून चोरणारे लोक होते, त्यांच्यापासून नवी थडगी राखायला ही वजनं वर ठेवत. पुढे ओकच्या झाडीतून टेकडीचा चढ लागतो. सतराव्या शतकात इथले पाद्री रॉबर्ट कर्क यांनी गावकऱ्यांच्या पऱ्यांवरच्या समजुती लिहून ठेवल्या. १६९२ मध्ये ते याच टेकडीवर मृतावस्थेत सापडले. पऱ्यांनी गुपितं फोडल्याबद्दल त्यांना उचललं आणि माथ्यावरच्या पाइनच्या झाडात ते अडकलेत, असं लोक सांगतात. त्या झाडाभोवती चिंध्या, फिती, चिठ्ठ्या बांधलेल्या असतात. नवसाचे धागे पाहत वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. बांधायचंच असेल तर सुती चिंधी बांधा, नायलॉनच्या फिती वर्षानुवर्षं कुजत नाहीत. जाऊन-येऊन दोन तास धरा.

ॲबरफॉईलहून उत्तरेला ड्यूक्स पासचा घाट लागतो. वळणं खंबाटकीची आठवण करून देतील. कुणाला गाडी लागत असेल तर गोळी आधी द्या. घाट उतरला की उजवी-डावीकडे तळी दिसू लागतात आणि थोड्या वेळात लॉख कॅट्रिनचा ट्रॉसॅक्स पिअर, म्हणजे बोटींचा धक्का, येतो.

एकच जागा बघणार असाल तर कॅट्रिन बघा. उत्तर काठानं पिअरपासून स्ट्रॉनख्लाखरपर्यंत डांबरी रस्ता जातो, सुमारे २१ किलोमीटर. सर्वसाधारण गाड्यांना तो बंद आहे. पाणीखात्याची किंवा तिथल्या रहिवाशांची एखादी गाडी जाते, बाकी सगळे पायी आणि सायकलवर. म्हणजे बाबागाडी, काठी टेकत चालणारे आजोबा, नुकती सायकल शिकलेलं पोर, सगळ्यांना एकाच वाटेनं नेता येतं. ४० मिनिटं जा, एखाद्या वळणावर बसून चहा प्या, परत या. पूर्ण करायच्या भानगडीत पडू नका.

पाण्याजवळ गेलात की ते चहासारखं तपकिरी दिसेल. घाण नाही ती, डोंगरावरच्या पीटचा, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या मातीचा रंग आहे. हेच पाणी ग्लासगोकर पितात. पटकीच्या साथींनी शहर हैराण झालं तेव्हा इथून पाणी न्यायचं ठरलं आणि ऑक्टोबर १८५९ मध्ये व्हिक्टोरिया राणीनं त्या योजनेचं उद्घाटन केलं. तळ्याची पातळी वाढवली आणि बोगदे व पूल बांधून सुमारे ४० किलोमीटरवरच्या त्याच मलगायपर्यंत पाणी नेलं, पंप न लावता, निव्वळ उतारानं. मुंबईकरांना तानसा-वैतरणा जशी, तसं ग्लासगोला हे कॅट्रिन. बाबांना मी हे सांगितलं, तेव्हा त्यांनी वाकून ओंजळीत पाणी घेतलं, रंग पाहिला आणि म्हणाले, "तुमच्याकडे नळाला येतं ते हेच? मग गाळतात चांगलं." (गाळतात, शुद्धही करतात. तळ्यातलं तसंच पिऊ नका.)

धक्क्यावर 'सर वॉल्टर स्कॉट' ही जुनी आगबोट दिसेल. स्कॉटच्या १८१० च्या काव्यामुळे या तळ्याकडे प्रवाशांची रीघ लागली, म्हणून त्याचं नाव. बोट १८९९ मध्ये डम्बार्टनला बांधली, मग सुटी केली, भाग लॉख लोमंडवरून पडावांनी इनव्हर्सनेडला आणले, तिथून घोडागाड्यांनी डोंगरावर चढवून स्ट्रॉनख्लाखरला पुन्हा जोडली. फेऱ्यांच्या वेळा हंगामानुसार बदलतात, घरून निघण्याआधी बघा.

बस-ट्रेननं येणाऱ्यांना कॅट्रिन अवघड आहे. गाडी असलेला मित्र गाठा, पेट्रोल वाटून घ्या. तो जमला नाही तर कॅलंडर. उच्चार भिंतीवरच्या कॅलेंडरचाच. ग्लासगोहून स्टर्लिंगपर्यंत ट्रेन, पुढे बस. गावातून ब्रॅकलिन धबधब्याकडे जाणारी वाट आहे, सुरुवातीचा चढ दम काढतो, मग झाडीतून सोपं. पाऊस होऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी जा, पाणी खडकांच्या पायऱ्यांवरून आदळतं. खडक ओले असतात, फोटोसाठी कठड्यापलीकडे उतरू नका. चढ नकोच असेल तर कॅलंडरहून पश्चिमेला जुन्या रेल्वेमार्गावरची वाट धरा. १९६५ साली दरड कोसळून ही लाइन बंद पडली ती कायमचीच. आता तिथं सायकली आणि माणसं. आगगाडीसाठी केलेला मार्ग, म्हणून चढ जाणवतच नाही. लेनी धबधब्यावरून लॉख लुबनेगच्या टोकापर्यंत नेतो.

बसबद्दल एक कबुली. एका रविवारी मी वेळापत्रकात सोमवार ते शनिवारचा रकाना वाचला आणि शेवटची बस डोळ्यांदेखत न येता गेली. टॅक्सीला महिन्याच्या भाजीचे पैसे मोजले. रविवारचा रकाना वेगळा असतो, आणि परतीची शेवटची नव्हे, तिच्या आधीची बस आपली धरायची.

बेटावर चालायचं असेल तर बाल्महा. लॉख लोमंडच्या पूर्व काठावरच्या या गावातून छोटी बोट काही मिनिटांत इंचकॅलखला सोडते. नावाचा अर्थ म्हातारीचं बेट, किंवा बुरख्यातल्या बाईचं. इथं जोगिणींचा मठ होता असं मानतात. बेटभर ओक आहेत. पूर्वी त्यांची साल कातडी कमवायला नेत, म्हणून झाडं राखली गेली. बेटाचा माथा ८५ मीटर, आईनं दोनदा थांबून गाठला. बोट फक्त हंगामात असते. गावामागची कॉनिक हिल खुणावेल, ती पायऱ्यांची आणि चढाची आहे, पुढच्या वेळी.

मेन्टीथचं तळं थोडक्यात उरकता येतं. त्याला लॉख न म्हणता 'लेक' म्हणतात. उन्हाळ्यात बोटीनं इंचमाहोम बेटावर १२३८ सालच्या मठाचे अवशेष बघा. १५४७ मध्ये स्कॉटलंडच्या चार वर्षांच्या मेरी राणीला इंग्रजांपासून लपवायला काही आठवडे इथं ठेवलं होतं.

वाटेवरचे रिवाज

स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्यानं खासगी जमिनीतूनही जबाबदारीनं चालायचा हक्क दिलाय. घरांची अंगणं आणि उभी पिकं सोडून. त्यामुळे फाटक दिसलं म्हणून मागे फिरू नका. फाटक उघडं असेल तर उघडं ठेवायचं, बंद असेल तर मागे लावून घ्यायचं. वासरं असलेल्या गायींच्या मधून जायचं नाही, त्या कितीही गरीब दिसल्या तरी. वसंतात मेंढ्यांना कोकरं होतात, तेव्हा कुत्रा साखळीला हवा. आणि १ मार्च ते ३० सप्टेंबर तळ्याकाठच्या ठरावीक पट्ट्यांत तंबू ठोकायला परवाना लागतो. समोरून येणारा माणूस हवेबद्दल एक वाक्य टाकेल, तुम्हीही एक टाका. पायवाटेवर स्पीकरवर गाणी मात्र नकोत.

कुणी पडलं, हरवलं तर ९९९ लावा, आधी पोलीस मागा आणि मग माउंटन रेस्क्यू. रेंज कमी असेल तर मेसेजनंही मदत मागता येते, पण त्यासाठी आधी नोंदणी लागते. आजच ९९९ ला 'रजिस्टर' असा इंग्रजीत मेसेज पाठवून ती करून टाका.

चिलटं, आणि घरी आल्यावरची तपासणी

इथल्या चिलटांना 'मिज' म्हणतात. मेअखेर ते सप्टेंबर, वारा पडलेला असताना, संध्याकाळी, पाण्याजवळ. रोग पसरवत नाहीत, पण शेकडोंनी येतात. चालत राहिलात तर कमी चावतात, थांबलात की संपलंच. पूर्ण बाह्या, मलम आणि तोंडावर जाळी. जाळी दोन-चार पौंडांत मिळते, घालून वेडं दिसतं, पण सगळेच तसे दिसतात.

खरी काळजी गोचिडांची. होय, गाईम्हशींना लागतात त्यांच्याच कुळातल्या, फक्त इथल्या खसखशीएवढ्या असू शकतात. नेच्याच्या आणि उंच गवताच्या टोकांवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला चिकटतात. काहींतून लाइम नावाचा आजार होतो. म्हणून पँट मोज्यांत खोचा आणि वाटेच्या मधून चाला.

घरी आलात की आंघोळीआधी गुडघ्याची मागची बाजू, जांघा, काखा, कमरपट्ट्याची रेघ आणि कानामागे बघा. मुलांचे केस विंचरून बघा. गोचीड सापडली तर तेल, चुना, काडी काही नको. बारीक चिमट्यानं किंवा तिच्यासाठीच्या आकड्यानं कातडीच्या अगदी लगत धरून हळू, सरळ ओढायची, पोट दाबायचं नाही. जागा धुऊन कॅलेंडरवर तारीख लिहा. पुढच्या महिन्याभरात तिथं पसरत जाणारा लालसर गोल दिसला किंवा तापासारखं वाटलं तर जीपीला, म्हणजे आपल्या नेहमीच्या डॉक्टरला, फोन करा आणि गोचीड लागली होती हे आधी सांगा. दवाखाना बंद असेल तर आरोग्यसेवेचा १११ नंबर लावा.

हे झालं की बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि रेडिएटरपासून हातभर लांब ठेवा. अगदी लगत ठेवले की तळ सुटतो. माझ्या पहिल्या बुटांचा सुटला होता.